कर्करुग्णाची वेदना: ऐकावी कशी, लिहून ठेवावी कशी

सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या घरात आजी छातीवर हात ठेवून तेलुगूत ‘मंट’ म्हणतात, दुसऱ्या घरातील कन्नड बोलणारे आजोबा ‘उरी’ म्हणतात, आणि दवाखान्यात सोबत गेलेला मुलगा डॉक्टरांना मराठीत एवढेच सांगतो, की ‘खूप दुखतंय’. दोन्ही शब्दांचा अर्थ आग होणे असा आहे. मुलाच्या सांगण्यात ती आग विझून जाते आणि औषध ठरवण्यासाठी डॉक्टरांना जे कळायला हवे होते, तेच नेमके घरी राहते.

वेदना मोजणारे यंत्र नाही. रक्ताच्या तपासणीत ती दिसत नाही, आणि स्कॅनमध्ये गाठ लहान दिसली म्हणून दुखणेही लहान असेल असे होत नाही. म्हणून उपशामक उपचारांत, म्हणजे ज्याला सर्रास पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्यात, रुग्ण सांगेल तेवढे दुखते हे धरूनच चालावे लागते. घरच्यांनी त्यासाठी एक साधी वही करावी आणि रुग्णाचे शब्द त्याच्याच भाषेत, न सुधारता, तिच्यात उतरवावेत.

शब्दांना एवढे महत्त्व का, हे पाहू. ‘ठणका लागतो’, ‘ठसठसते’, ‘इथेच, या बोटाखाली दुखते’ असे रुग्ण सांगतो तेव्हा ते दुखणे बहुधा हाडाचे, स्नायूचे किंवा त्वचेखालच्या भागाचे असते. पोटात कळा येतात, मुरडा पडतो, दाटल्यासारखे होते आणि नेमकी जागा दाखवता येत नाही, तेव्हा यकृत किंवा आतडे यांसारख्या आतल्या अवयवाचा संशय येतो. आग होणे, मुंग्या येणे, करंट बसल्यासारखी चमक जाणे, नुसत्या पदराच्या स्पर्शानेही अंग चरचरणे ही मज्जातंतूंच्या वेदनेची भाषा आहे. तिथे नेहमीची वेदनाशामके एकटी पुरी पडत नाहीत आणि डॉक्टर गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे जोडतात. हाडात पसरलेल्या रोगाच्या दुखण्यावर किरणोपचाराचा एकच डोसही पुष्कळदा उपयोगी पडतो, मात्र त्याचा गुण यायला काही आठवडे लागू शकतात आणि आधीचे काही दिवस दुखणे वाढलेलेही वाटू शकते. एकाच रुग्णाला यांतली दोन-तीन प्रकारची दुखणी एकत्र असणे नेहमीचेच आहे. प्रत्येकाची नोंद वेगळी करावी.

कधीकधी वेदना रोगाची नसून उपचाराची असते. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोथेरपीनंतर बोटे बधिर होतात, आणि विड्या वळणाऱ्या बाईला ते पान कापताना व दोरा गुंडाळताना सर्वांत आधी जाणवते; ‘हाताला सवय राहिली नाही’ म्हणून ती ते सोडून देते. असे बोलणेही वहीत यावे.

किती दुखते, हे विचारण्यासाठी शून्य ते दहा ही पट्टी रुग्णालयांत वापरतात. ज्येष्ठ माणसांना आकड्यांपेक्षा आणे जवळचे वाटतात: सोळा आणे म्हणजे सोसवत नाही असे दुखणे धरले, तर आत्ता किती आणे दुखते, आणि गोळीनंतर किती आणे फरक पडला, असे विचारावे. आकड्याइतकेच महत्त्वाचे असते ते दुखण्यामुळे काय अडले: झोप, कूस बदलणे, भाकरीचा घास, शौचास बसणे. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात बोलणे जमत नसेल, तर रुग्णाला बोटे दाखवायला सांगावीत; शुद्ध कमी असेल, तर कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कण्हणे आणि अंगाला हात लावू न देणे यांवरून ओळखावे लागते. गप्प पडून राहिलेल्या माणसाला दुखत नाही असे समजणे, ही माझ्या मते घराघरांत होणारी सर्वांत मोठी चूक आहे.

वेळेची नोंद औषधाच्या मात्रेसाठी लागते. पुढच्या गोळीच्या तासभर आधी रोज दुखू लागत असेल, तर मात्रा पुरत नाही. एरवी आराम असून मध्येच तीव्र कळ उठत असेल, तर त्यासाठी वेगळी जादा मात्रा डॉक्टर लिहून देतात. हालचालीने दुखत असेल, तर आंघोळीच्या किंवा प्रवासाच्या सुमारे अर्धा तास आधी ती जादा मात्रा द्यावी का, हे विचारून घ्यावे. किरणोपचारासाठी बार्शीपर्यंत गाडीत बसायचे असेल, तेव्हा याचा फरक कळतो. साधी मॉर्फिनची गोळी सहसा दर चार तासांनी असते आणि ती घड्याळाप्रमाणे द्यायची असते, दुखू लागण्याची वाट पाहून नव्हे.

मॉर्फिनचे नाव निघाले की ‘आता संपले’ असे घरात वाटते, किंवा व्यसनाची भीती वाटते. वेदनेसाठी, देखरेखीखाली आणि ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते, आणि ते शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवण्याचे औषध नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळेलच असे नाही. म्हणून गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच हालचाल करावी. पहिले दोन-तीन दिवस गुंगी व मळमळ होते आणि ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. तिच्यासाठी पहिल्याच दिवसापासून रेचक घ्यावे लागते, आणि पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला केवळ इसबगोल दिल्यास त्रास वाढू शकतो. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल, तर पुढची मात्रा थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे. गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि स्वतःहून एकदम बंदही करू नयेत.

मॉर्फिनला भिणारी माणसे डायक्लोफेनॅक मात्र बिनदिक्कत आणतात, हे नवलच. सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झालेल्या, जेवण तुटलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडावर आणि जठरावर असे औषध मोठा घाव घालू शकते.

सगळे नीट देऊनही आणे उतरत नसतील, तर वहीत आणखी एक रकाना आखावा. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी ‘एकूण वेदना’ ही कल्पना मांडली: शरीराच्या दुखण्यात मनाचे, घराचे, पैशाचे आणि श्रद्धेचे दुखणे मिसळलेले असते. कारखान्याची पाळी सुटलेली, मुलीचे लग्न राहिलेले, आणि आजार काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असून फक्त रुग्णालाच कोणी सांगितलेले नाही, अशा घरात रात्री दुखणे वाढते. ‘मनाला काय लागून राहिले आहे?’ हे दिवसातून एकदा, इतर माणसे नसताना विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तरी बसून राहावे.

पाठीत नव्याने जोराचे दुखू लागले आणि त्यासोबत पाय लुळे पडू लागले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर वही नंतर भरावी. मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठले नाही, तर गेलेली ताकद बहुधा परत येत नाही.