यूव्हीबी चेंबर: डोस आणि पावती एकाच ओळीत

कोड (अंगावरचे पांढरे डाग) आणि सोरायसिससाठी नॅरोबँड यूव्हीबी (३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण) चेंबर चालवताना रजिस्टरमध्ये नुसते सेकंद लिहू नका. सेकंद म्हणजे डोस नव्हे. डोस मिलीज्यूलमध्ये (दर चौरस सेंटीमीटरला) लिहायचा आणि सेकंद त्यातून काढायचे: डोस भागिले ट्यूबची तीव्रता.

कोडासाठी पहिला डोस साधारण २०० मिलीज्यूल. मीटरने तीव्रता ५ मिलीवॉट आली, तर ४० सेकंद. पुढच्या सिटिंगला २० टक्के वाढवले की २४० मिलीज्यूल, म्हणजे ४८ सेकंद. आता समजा, मधल्या दिवसांत ट्यूब बदलल्या आणि तीव्रता ८ झाली. ऑपरेटरने जुनेच ४८ सेकंद लावले तर पेशंटला ३८४ मिलीज्यूल मिळतात आणि दुसऱ्या दिवशी तो पाठ भाजून परत येतो. त्यामुळे ट्यूब बदलली की मीटर लावल्याशिवाय एकालाही आत पाठवू नये. ट्यूब पाचेक मिनिटं तापू द्याव्यात, मग पेशंट उभा राहतो त्या जागी, छातीच्या उंचीला माप घ्यावं. माप घेणाऱ्याने लांब बाह्या, हातमोजे आणि यूव्ही अडवणारं फेसशील्ड घालायचं. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की तीव्रताही पडते, म्हणून स्टॅबिलायझर हवाच. ट्यूबवरची धूळ पुसल्यावरही माप नव्याने घ्यावं.

आठवड्यातून दोन-तीन सिटिंग, सलग दोन दिवस कधीच नाही. प्रत्येक वेळी गॉगल, पुरुषांना जननेंद्रियांवर कव्हर आणि अंगावर त्याच मापाची चड्डी. ही चड्डीची गोष्ट किरकोळ वाटते, पण आखूड चड्डी घातली की आजवर झाकलेल्या मांडीला एकदम पूर्ण डोस बसतो. आत पाठवण्याआधी 'नवी गोळी सुरू झाली का?' हे विचारा; डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाने त्वचा लवकर भाजते. आदल्या सिटिंगनंतरची फिकट गुलाबी छटा २४ तासांत गेली असेल तर डोस वाढवा, ४८ तासांपर्यंत राहिली तर तोच ठेवा. लालभडक, दुखरी त्वचा किंवा फोड असतील तर सिटिंग बंद आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

खाडे होणारच. सोलापुरात गड्ड्याची यात्रा असते, आषाढी असते, आणि विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. तिची एक सिटिंग म्हणजे तेवढ्या विड्या कमी. रागावू नका, हिशोब करा. शेवटच्या सिटिंगला ४ ते ७ दिवस झाले असतील तर तोच डोस, ८ ते १४ दिवसांना पाव कमी, १५ ते २१ ला निम्मा. तीन आठवड्यांपेक्षा जास्त झाले तर पुन्हा पहिल्यापासून. सूचनांचं कार्ड मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही छापून घ्या.

मध्येच लाईट गेली तर सगळ्यात जास्त घोळ होतो. टायमर शून्यावर येतो, लाईट आल्यावर पूर्ण वेळ पुन्हा लावला जातो आणि डोस दुपटीपर्यंत पोचू शकतो. किती सेकंद झाले ते लगेच लिहा, राहिलेलेच द्या. किती झाले हे सांगता येत नसेल तर त्या दिवशी थांबा आणि सिटिंगचे पैसे घेऊ नका.

पावती रजिस्टरमधल्या डोसच्या ओळीवरूनच बनते: तारीख, सिटिंग क्रमांक, निदान (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या क्रमांकासह: कोडाला एल८०, प्लाक सोरायसिसला एल४०.०), मिळालेली रक्कम आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक पावतीवर बंधनकारक आहे. रक्कम पाच हजारांच्या वर गेली तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. रोगावरचा उपचार असल्याने जीएसटी लावायचा नाही.

दहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ घेतलं, तर प्रत्येक तारखेला किती वळते झाले आणि किती शिल्लक ते दाखवा. उपचार सोडणाऱ्याला उरलेले पैसे परत. विम्याचं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: बहुतेक पॉलिसींना २४ तासांची भरती किंवा डे-केअर लागतं, ही सिटिंग ओपीडीत मोडते. ओपीडी कव्हर असेल तरच क्लेम होतो. 'भरती दाखवा' असा आग्रह झाला तरी दाखवू नका. तारखेची पावती आणि डोसची ओळ जुळली नाही की खरा क्लेमसुद्धा अडकतो.

पेशंट पुण्याला बदलून गेला आणि कागद मागितले, तर ७२ तासांत द्यायचे असतात. त्यात शेवटचा डोस मिलीज्यूलमध्येच लिहा. तिथल्या चेंबरची तीव्रता वेगळी असणार, तुमचे सेकंद त्यांच्या कामाचे नाहीत.