एक्स-रे लेझरचा शॉट कसा प्लॅन करायचा, नाशिकच्या फिजिक्सवाल्या पोरांसाठी

नेपच्यूनच्या पोटात हिऱ्यांचा पाऊस पडत असावा असं वाचलं की आपण वा म्हणतो आणि पुढे जातो, पण ते लॅबमध्ये बघायचं कसं ते कोणी सांगत नाही. म्हणून लिहितोय. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर वही घेऊन बसा, मजा येईल.

२०१७ साली कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस एक्स-रे लेझरवरचा प्रयोग छापून आला. पॉलिस्टायरीन, म्हणजे साधं प्लॅस्टिकच, त्याच्यावर मोठ्या लेझरने एकामागे एक दोन शॉक, म्हणजे दाबाच्या लाटा, मारले, प्रेशर साधारण १५० गिगापास्कल झालं, टेम्परेचर ५००० केल्विनच्या आसपास, आणि आतला कार्बन वेगळा होऊन बारीक हिरे बनताना एक्स-रेमध्ये दिसले.

आता आपलं गणित, आपण सोपं म्हणून एकच शॉक धरू. आधी प्रेशर. घनता गुणिले शॉकचा वेग गुणिले शॉकच्या मागे ढकललेल्या मटेरियलचा वेग, बस. १०५० किलो प्रति घनमीटर, १५ किमी आणि ९ किमी प्रति सेकंद धरा, १४२ गिगापास्कल येतं, म्हणजे हवेच्या दाबाच्या १४ लाख पट. प्रयोगात हे वेग व्हिसार नावाच्या यंत्राने डॉप्लर शिफ्टवरून काढतात.

मग टायमिंग, आणि खरा जीव इथेच आहे. प्लॅस्टिकचं फॉइल ८० मायक्रॉन जाड असेल तर १५ किमी प्रति सेकंदवाला शॉक ५.३ नॅनोसेकंदात पलीकडे पोचतो. एक्स-रे लवकर आला तर अर्धं प्लॅस्टिक न दाबलेलंच दिसणार, उशिरा आला तर शॉक मागच्या बाजूने निसटून प्रेशर उतरायला लागलेलं असणार, म्हणून शॉक बाहेर पडायच्या जरा आधीचा क्षण पकडायचा. सॅम्पल प्रत्येक शॉटला जळून जातं, परत त्याच्यावर चान्स नाही. आपल्याकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चुकली की हंगाम हातचा जातो ना, तसंच समजा.

एक्स-रे लेझरच का, तर पल्स ५० फेमटोसेकंद धरली तर तेवढ्यात शॉक जेमतेम पाऊण नॅनोमीटर सरकतो, म्हणजे फोटो हलत नाही!! मला ही गोष्ट आजही भारी वाटते.

शेवटी हिरा ओळखायचा कसा? ब्रॅगचा नियम, बारावीतलाच. वेव्हलेंग्थ १.५ अँगस्ट्रॉम घ्या, हिऱ्याच्या १११ प्लेनचं, म्हणजे अणूंच्या थरांमधलं, अंतर २.०६, तर डिटेक्टरवर उमटणारी रिंग ४२.७ डिग्रीला (म्हणजे २θ) येते. दाबून अंतर १.९२ झालं की ती ४६ डिग्रीकडे सरकते. रिंग किती सरकली त्यावरून हिरा किती दाबलाय ते कळतं, आणि रिंग रुंद असेल तर क्रिस्टल बारीक आहेत. हे हाताने सोडवा, लगेच सॉफ्टवेअर उघडू नका.

हॅम्बुर्गजवळचं युरोपियन एक्सएफईएल किंवा जपानचं साक्ला, हेही एक्स-रे लेझरच, इथे वेळ मिळवायला प्रपोजल लिहावं लागतं, आणि त्यात हेच आकडे तपासले जातात. तोवर हात बसवायला इंदूरचं आरआरकॅट हे सरकारी संशोधन केंद्र आहे, तिथल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (एक्स-रे देणारं मोठं यंत्र) दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये सॅम्पल दाबून एक्स-रे डिफ्रॅक्शन करतात. शॉक नाही, निवांत प्रेशर, पण रिंगा वाचायला तिथेच शिकाल आणि आपल्या आग्रा हायवेनेच सरळ जाता येतं.