स्पॅनिशच्या पदवीला निघताना बॅगेत काय हवं

सगळ्यात आधी दोनशे पानी लांब वही घ्या आणि प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी. इंग्रजीसाठी रकाना ठेवू नका. बी.ए. ऑनर्स स्पॅनिशला प्रवेश मिळालेली मुलं वर्ग सुरू होईपर्यंत काय तयारी करू असं विचारतात, तेव्हा मी एखादं ॲप किंवा पुस्तक सांगेन अशी त्यांची अपेक्षा असते. तेही सांगते, पण यादीत पहिला मान या वहीचा. ती नव्हती म्हणून माझं स्वतःचं जवळजवळ पहिलं वर्ष चाचपडण्यात गेलं.

दिल्लीत आमचा वर्ग स्पॅनिशमधून चाले आणि अडलं की इंग्रजीतून. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'आय लाइक कॉफी' असं मी उतरवून घेतलं. पुढे परीक्षेत आंब्यांबद्दल लिहायची वेळ आली, तेव्हा आवडणारी मी एकटीच असताना क्रियापद अनेकवचनी का होतं हे काही केल्या समजेना. खोलीवर येऊन तेच वाक्य मराठीत म्हटलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. आवडणारी 'मला', आणि क्रियापद चालतं ते आंब्याच्या मागे. इंग्रजीतून आलेली मुलं हा नियम महिनाभर घोकतात. आपण तो घरातून घेऊन आलेलो असतो.

एकदा हे दिसलं की जागोजागी दिसायला लागतं. 'बेओ ला कासा' म्हणजे घर पाहते, पण 'बेओ आ मारिया' म्हणजे मारियाला पाहते. माणूस कर्म झाला की स्पॅनिशमध्ये मध्ये 'आ' येतो, आपल्याकडे 'ला' लागतो, आणि घराला दोन्हीकडे काही लागत नाही. विशेषण नामाप्रमाणे बदलणं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, आपण चांगला, चांगली, चांगलं म्हणतच मोठे झालो. तिथे तर लिंगं दोनच आहेत. भूतकाळाच्या दोन रूपांनी वर्गातली निम्मी मुलं घाबरतात: 'फुई' आणि 'इबा'. इंग्रजीत दोन्हींना 'आय वेंट' म्हणून भागतं, म्हणून तो गोंधळ. मराठीत काल मी नदीवर गेले आणि लहानपणी मी रोज नदीवर जायचे, जात असे, या दोन वाक्यांची गल्लत तुमची आजीसुद्धा करणार नाही. 'गेले' म्हणजे 'फुई', 'जात असे' म्हणजे 'इबा'. बहुतेक ठिकाणी एवढ्या कसोटीवर निभावतं.

आणि सब्जंक्टिव्ह. दुसऱ्या वर्षाला जाणारे सीनियर या शब्दाची अशी काही दहशत घालतात की मुलं आधीच गळून जातात. 'किएरो के बेंगास': तू यावंस असं मला वाटतं. हे 'यावंस' आहे ना, हे 'येतोस'पासून वेगळं रूप आहे, आणि ते वेगळं का आहे हे तुम्हाला आतून कळतं. जे घडलेलं नाही, घडावं असं वाटतं, त्यासाठी मराठीनं वेगळं रूप राखलंय, स्पॅनिशनंही राखलंय. 'ओखाला' हा अरबीतून आलेला एक शब्द आहे, त्याच्यामागे हेच रूप येतं, आणि त्याचं सगळ्यात जवळचं भाषांतर माझ्या मते 'देव करो नि तो येवो' हे आहे. वहीचं एक अख्खं पान या रूपासाठी आधीच राखून ठेवा.

मराठी सगळीकडे साथ देईल असं मात्र समजू नका. वहीच्या शेवटची चार पानं 'इथे मराठी चालत नाही' अशा मथळ्यानं सोडा. त्यात पहिलं नाव 'सेर' आणि 'एस्तार' यांचं. दोन्हींचा अर्थ 'असणे', आणि आपलं 'आहे' दोन्हीकडे बसतं म्हणूनच घात होतो. काही जण 'आहे' आणि 'असतो' यांची जोडी त्यांच्याशी लावतात. ती चुकीची आहे, लावू नका. मला उपयोगी पडलं ते असं: 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलेला आहे. 'एस लिस्तो' म्हणजे हुशार आहे, 'एस्ता लिस्तो' म्हणजे तयार आहे. अशा जोड्या सापडतील तशा लिहीत जा, दोन महिन्यांत कान तयार होतो. दुसरी गोष्ट, आपण 'मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला' म्हणतो. स्पॅनिश क्रियापद पोळीकडे किंवा आंब्याकडे ढुंकूनही पाहत नाही, दोन्हीकडे 'कोमी'च.

वहीनंतर तोंड. उच्चारांची तयारी घरीच करा, वर्गात लाजायला होतं. स्पॅनिशमधला टी हा आपला 'त' आहे आणि डी हा दाताला जीभ लावून म्हटलेला 'द'. शाळेतल्या इंग्रजीमुळे रोमन अक्षर दिसलं की आपण 'टोमाटे' वाचतो. ते 'तोमाते' आहे. रोमन लिपीतला मजकूर देवनागरीच्या तोंडानं वाचायची सवय लावायला आठवडाभर पुरतो, पण तो आठवडा द्या. बी आणि व्ही यांचा उच्चार एकच, म्हणून 'बेओ' असं मी वर लिहिलंय, रोमनमध्ये ते व्हीनं लिहितात. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. दुसऱ्यातला र जमत नसेल तर 'भुर्रकन उडाला' हे मोठ्यानं म्हणा आणि तोच र तिथे आणा. रोमन जे हा घशातून खरवडत येणारा ख़, बऱ्याच लॅटिन अमेरिकी देशांत तो मऊ होऊन नुसता ह उरतो. रोज पाच मिनिटं मोबाइलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड करा आणि तारखेसह ठेवा.

आता कागदपत्रं. हा भाग रुक्ष आहे, पण इथे चुकलात तर वरचं सगळं वाया. जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ यांचे पदवीचे प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात. जामिया मिलियात आणि हैदराबादच्या इफ्लूमध्येही, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांच्या विद्यापीठातही, स्पॅनिशची पदवी आहे. कोणते पेपर द्यायचे ते त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. जेएनयूच्या बी.ए.साठी आधी स्पॅनिश येण्याची अट नाही, शून्यापासून शिकवतात. राज्य मंडळाची बारावी असेल तर विभागीय मंडळाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल; निकाल लागल्याच्या आठवड्यातच अर्ज करा. ओबीसीतून अर्ज करणाऱ्यांनी नीट ऐका: केंद्रीय विद्यापीठाला नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा दाखला तिथे चालत नाही, आणि राज्याच्या यादीत असलेली जात केंद्राच्या यादीत असेलच असंही नाही. सेतू केंद्रावर अर्ज करताना 'केंद्रासाठी' असं स्पष्ट सांगा आणि हातात आल्यावर वाचून बघा. आमच्या वर्गातला एक मुलगा या एका कागदासाठी ऐन प्रवेशाच्या दिवसांत दिल्लीहून मराठवाड्यात परत गेला होता. त्याची ती धावपळ मी पाहिली आहे, म्हणून एवढं खोलात सांगतेय.

घर सोडून जाणं जमत नसेल, किंवा तीन-चार वर्षं देण्याआधी भाषेशी आपलं जुळतं का ते बघायचं असेल, तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग आहेत. तिथून सुरुवात करून मग पदवीकडे वळण्यात काही कमीपणा नाही.

फोनवर आणि लॅपटॉपवर स्पॅनिश कळफलक आजच टाका. एनवर नागमोडी रेघ असलेलं अक्षर आणि स्वरांवरच्या तिरक्या रेघा या सजावटीच्या नाहीत. 'पापा' शब्दातल्या शेवटच्या स्वरावर ती रेघ दिली की वडील, नाही दिली की लॅटिन अमेरिकेत बटाटा. 'वर्ष' या अर्थाच्या 'आन्यो' शब्दातली नागमोडी रेघ विसरलात तर जो शब्द तयार होतो तो गुरुजनांसमोर काढण्यासारखा नाही. शब्दकोश विकत घेऊ नका. स्पेनच्या राजअकादमीचा, म्हणजे १७१३ साली स्थापन झालेल्या रेआल आकादेमियाचा कोश इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यात क्रियापदांची सगळी रूपंही मिळतात. पहिल्या सत्रात तो जड जाईल, दुसऱ्या सत्रापासून दुसरा कुठला उघडू नका. ऐकण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या स्पॅनिश बातम्या घ्या. स्पॅनिश ही तिथल्या सहा अधिकृत भाषांपैकी एक, आणि निवेदक सावकाश, स्वच्छ बोलतात. समजलं नाही तरी पंधरा मिनिटं ऐका. आधी सूर कानात बसतो, शब्द नंतर सुटे होतात.

कुठलं स्पॅनिश शिकायचं, स्पेनचं की मेक्सिकोचं, यावर डोकं शिणवू नका. पहिलं वर्ष शिक्षक बोलतील तसं बोला. फक्त एवढं मनात असू द्या की स्पेनच्या बहुतांश भागात 'ग्राथियास', लॅटिन अमेरिकेत 'ग्रासियास', आणि बसगाडीला मेक्सिकोत 'कामिओन' तर क्युबात 'ग्वाग्वा' म्हणतात. नागपूरची आणि रत्नागिरीची मराठी ज्यानं ऐकली आहे त्याला याची धास्ती वाटायचं कारण नाही.

भिंतीवर लावायला नकाशा घ्या, आणि तो दोन्ही अमेरिका खंडांचा घ्या, नुसता स्पेनचा नको. ही पदवी फक्त भाषेची नाही हे बऱ्याच जणांना दुसऱ्या वर्षी कळतं, जेव्हा इतिहासाचे आणि साहित्याचे पेपर समोर येतात. थोड्या तारखा आधी माहीत असल्या तर पुष्कळ सोपं जातं. ७११ साली मुस्लिम सैन्य स्पेनमध्ये उतरलं. १४९२ साली तिथलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रानादा पडलं, कोलंबस निघाला आणि नेब्रिहाचं स्पॅनिश व्याकरण आलं, सगळं एकाच वर्षात. १८१०पासून लॅटिन अमेरिकेतले स्वातंत्र्यलढे, १९१०ची मेक्सिकन क्रांती, १९३६ ते १९३९ स्पेनचं यादवी युद्ध, १९७५ साली स्पेनचा हुकूमशहा फ्रांकोचा मृत्यू. प्रत्येक तारखेसमोर एक परिच्छेद वाचून ठेवा, मराठीत मिळाला तर मराठीत.

नकाशावर मेक्सिको शहराजवळ चापिंगो शोधा आणि तिथे खूण करा. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२४ साली मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले. मक्यावर त्यांनी मोठं काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरानं मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलंय, सगळ्यांसोबत मेजाशी बसून भाकर मोडताना. हॉस्टेलच्या खोलीत परीक्षेच्या आधी रडू यायचं तेव्हा मी त्या चित्राचा फोटो काढून बघायचे. विदर्भातल्या एका माणसानं शंभर वर्षांपूर्वी या भाषेत वर्ग घेतले आहेत.

शब्दसंग्रहाची सुरुवात घरातूनच करा. पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेले कितीतरी शब्द स्पॅनिशचे चुलतभाऊ आहेत. पावाला स्पॅनिशमध्ये 'पान', पगारापाशी 'पागार' म्हणजे पैसे देणं, बिजागरीला 'बिसाग्रा', मेस्त्रीच्या घरी 'माएस्त्रो'. बटाटा तर कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांच्या 'बाताता'पासून निघून आपल्या वड्यात आलाय. उलट दिशेनं आपलं नारंग फारसी आणि अरबीतून फिरत 'नारान्खा' झालं, शर्करा 'आसूकार' झाली. आईबरोबर स्वयंपाकघरात बसून अशी यादी केलीत तर चाळीसेक शब्द सहज जमतील.

आणि घरच्यांशी एकदा नीट बोलून घ्या. 'स्पॅनिश करून पुढे काय?' हा प्रश्न काळजीपोटी येतो, त्याला चिडून उत्तर देऊ नका. भाषांतर, शिकवणं, लॅटिन अमेरिकेशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतली कामं, पुढे एम.ए. आणि संशोधन, असे रस्ते आहेत. पण त्यांना आणि स्वतःला हेही सांगा की नुसत्या पदवीच्या कागदावर काम मिळत नाही, बी-२ म्हणजे भाषेची वरची मध्यम पातळी गाठावी लागते, आणि त्यासाठी देले ही परीक्षा आहे. तिचं प्रमाणपत्र कायमचं असतं. सिएले नावाची दुसरी परीक्षा आहे, तिचं पाच वर्षं चालतं. देलेच्या शुल्कासाठी पहिल्या वर्षापासून महिन्याला थोडे पैसे बाजूला टाका. दिल्लीत असाल तर कॅनॉट प्लेसजवळच्या सर्व्हांतेस इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय पहिल्याच महिन्यात बघून या.

राहिलं एकच. शाळेतलं मराठी व्याकरणाचं पुस्तक रद्दीत गेलं नसेल तर शोधून काढा, धूळ झटका आणि बॅगेत टाका. प्रयोग, काळ आणि क्रियापदाचे अर्थ ही प्रकरणं गाडीतच वाचून काढा. आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे शब्द दहावीत गुणांपुरते पाठ केले होते. नागपूर आलं तरी गाडीला दिल्ली गाठायला अख्खी रात्र असते, तेवढ्यात दोनदा वाचून होतील.