पंखा हळू फिरत होता, दोष कपॅसिटरचा निघाला
हॉलमधला पंखा ५ वर ठेवला तरी रेंगाळायचा आणि सुरू करताना हाताने ढकलावा लागायचा, सगळे म्हणाले वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलं. मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) आधी डिस्चार्ज केला, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकली (हे विसरू नका, झटका बसतो) आणि मीटरवर मोजला तर त्यावर क्षमता लिहिलीय २.५ मायक्रोफॅरड, भरतेय १.१. घरच्या सिंगल फेज विजेवर पंख्याची मोटर आपणहून फिरायला लागत नाही ना, कपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगचा करंट वेळेत पुढे सरकवतो, तेव्हाच फिरतं चुंबकीय क्षेत्र बनतं, तो अर्धा झाला की जोरच गेला. तेवढ्याच व्हॅल्यूचा, ४४० व्होल्टचा नवीन बसवला. पहिल्या बटणाला पंखा सुसाट, आई खूश!