लकवा, फिट, मुंग्या: या चुका टाळा, आणि आधी घड्याळ पाहा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एकवीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो. मेंदूविकारतज्ज्ञ आमच्याकडे नाही. नागपूर दीडशे किलोमीटरवर. त्यामुळे लकवा असो, फिट असो की पायाच्या मुंग्या, पहिला निर्णय घरचे घेतात, दुसरा आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातला नवा डॉक्टर, आणि तिसरा मी. तिघांच्याही हातून त्याच त्या चुका वर्षानुवर्षं होताना पाहतो आहे. सर्वांत आधी माझ्या हातून झालेली सांगतो.

‘झोपेतच झालं’ हे उत्तर मानून घेणं

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी पावणेआठला पन्नाशीचा एक शेतकरी जीपमधून आणला. उजवा हात-पाय लुळा, तोंड डावीकडे ओढलेलं, शब्द फुटत नव्हता. सोबत भाऊ, दोन चुलतभाऊ, गावातली आणखी दोन माणसं. मी विचारलं, कधी झालं? भाऊ म्हणाला, “झोपेतच झालं जी. सव्वासातले उठवाले गेलो तं असा.” त्याआधी धडधाकट कधी पाहिला? “रात्री दहाले जेवून निजला.” मी चिठ्ठीवर ‘रात्री १०’ लिहिलं आणि १०८ बोलावून पाठवून दिलं.

सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तो पावणेदहाला पोचला. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे गुठळीचा लकवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझ्या चिठ्ठीप्रमाणे पावणेबारा तास उलटलेले होते. त्यांनी दिलं नाही. माझ्या चिठ्ठीवर विसंबून त्यांनी बरोबरच केलं.

तीन आठवड्यांनी त्याची बायको गोळ्या न्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, “त्या दिवशी त्यायनं पाचले उठून म्हशीचं दूध काढलं, डेअरीत घालून आले. पावणेसातले चहा पेले, अन् जरा पडतो म्हणाले.” मी हातातलं पेन खाली ठेवलं. पावणेसातपर्यंत माणूस धड होता. म्हणजे रुग्णालयात पोचला तेव्हा तीनच तास झाले होते, दीड तास हातात होता. मी तिला विचारलं, बाई, त्या दिवशी हे सांगितलं का नाही? ती म्हणाली, “मी दाराशीच उभी होती. तुमी मले इचारलंच नाई, साहेब.”

तो आज काठीवर चालतो. उजव्या हाताने त्याला बैलाचं दावं बांधता येत नाही. बोलणं दोन-तीन शब्दांचं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला ती लावतो. खोलीतल्या पुरुषांना नंतर विचारायचं, आधी घरातल्या बाईला. आणि ‘किती वाजता झालं’ असं विचारायचंच नाही. गावात कुणी घड्याळ पाहून जगत नाही. विचारायचं ते असं: आज दूध कुणी काढलं? चहा पेले का? कप कोणत्या हातात धरला होता? सकाळची एसटी गेली होती का? या उत्तरांतून वेळ आपोआप सापडते. मग ती चिठ्ठीवर तर लिहायचीच, शिवाय रुग्णाच्या चांगल्या हातावर बॉलपेनने लिहायची: ‘६.४५ पर्यंत धड’. चिठ्ठी जीपमध्ये हरवते, हात हरवत नाही.

झोपेत झालेल्या लकव्यातही काही रुग्णांना एमआरआय पाहून इंजेक्शन देता येतं, आणि मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत गुठळी तारेने ओढून काढता येते. ती सोय मोजक्या ठिकाणी आहे, पण आहे. म्हणून ‘वेळ गेली, आता घरीच ठेवा’ असं कुणीही, मीसुद्धा, फोनवर सांगू नये.

लकव्यात मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. आमच्याकडे ही मिनिटं कशात जातात ते मला पाठ आहे. गरम तेलाने मालिश. कबुतराचं रक्त चोळणं. ‘सांजपर्यंत पाहू’. गावातच एक सलाईन. जावई येईपर्यंत वाट. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या सर्च संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांमध्ये दोन वर्षं प्रत्येक मृत्यूची नोंद केली, तेव्हा सर्वांत मोठं कारण लकवा निघालं, १४.३ टक्के, आणि त्यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. लकवा हा शहरातल्या, खुर्चीत बसणाऱ्या लोकांचा आजार आहे असं अजूनही मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोबडी वळली, अचानक एका बाजूचं दिसेना किंवा तोल जातो: यातलं एक जरी अचानक झालं तरी १०८. दोन मिनिटांत सगळं ओसरलं तरीही त्याच दिवशी डॉक्टर. ते ओसरणं म्हणजे पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकते.

नव्या डॉक्टरांसाठी याच बाबतीत चार गोष्टी. एक, आधी बोटातून साखर तपासा. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी वेचणीला गेलेल्या बाईची साखर ३८ होती आणि अर्धं अंग लुळं होतं. तिला नागपूरला पाठवायची तयारी चालली होती. ग्लुकोज दिल्यावर ती दहा मिनिटांत उठून बसली. दोन, बीपी २०० दिसलं की जिभेखाली कॅप्सूल फोडण्याची घाई करू नका. लकव्याच्या सुरुवातीला बीपी चढतंच. ते एकदम पाडलं तर मेंदूचा जो भाग कसाबसा तग धरून आहे तोही जातो. तीन, स्कॅनआधी ॲस्पिरिन नाही, कारण रक्तस्राव आहे की गुठळी हे चेहरा पाहून कुणालाच कळत नाही. चार, तोंडात पाणीही नाही. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं, आणि आठव्या दिवशी माणूस न्यूमोनियाने जातो. या चारही गोष्टींना मिळून पाच मिनिटं लागत नाहीत. तरी सलाईन लावण्याचा मोह आधी होतो, कारण सलाईन लटकलेलं पाहिलं की नातेवाईक शांत होतात. मला या शॉर्टकटचा मनापासून राग आहे.

फिट आली की तोंडात काहीतरी कोंबणं, आणि फिट थांबली की गोळी थांबवणं

चमचा, कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा. चमच्याने दात तुटतात, तुटलेला दात श्वासनळीत जातो. जीभ कुणी गिळत नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली दुपट्टा घाला, चूल-विहीर-विळा यांपासून दूर करा, आणि घड्याळ पाहा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर ती स्वतःहून थांबण्याची वाट पाहू नका. फिट थांबवणारा, नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे माझ्या प्रत्येक फिटच्या रुग्णाच्या घरी असतो, वजनाप्रमाणे किती फवारे ते बाटलीवर मराठीत लिहून. आणि एका जणाने मोबाइलवर फिटचा व्हिडिओ काढावा. तो मला दहा तपासण्यांपेक्षा जास्त सांगतो.

पण माझा खरा संताप दुसऱ्या चुकीवर आहे. एका मुलीला चौदाव्या वर्षापासून फिट यायच्या. गोळ्या सुरू केल्या, तीन वर्षं एकही नाही. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न ठरलं. घरच्यांनी गोळ्या बंद केल्या. “सासरी डबी दिसली तं काय सांगाव जी?” असं तिची आई मला नंतर म्हणाली. मांडव उतरल्यावर अकराव्या दिवशी ती चुलीपुढे भाकरी थापत होती आणि फिट आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सासरच्यांनी आधी डॉक्टरकडे नेलं नाही, भगताकडे नेलं.

तीन वर्षं फिट नव्हती ती गोळीमुळे. एकदम बंद केली की आधीपेक्षा जोरात येते, कधी थांबतच नाही. किमान दोन वर्षं एकही फिट नसेल तर डॉक्टर बंद करण्याचा विचार करतात, तेही सगळ्यांच्या बाबतीत नाही, आणि मग महिनोन्‌महिने हळूहळू कमी करतात. योग्य औषध मिळालं तर दहापैकी सात जणांच्या फिट थांबतात. अशा मुलींचं लग्न होतं, बाळंतपण होतं. हिंदू विवाह कायद्यात मिरगी, म्हणजे फिटचा आजार, असलेल्यांच्या लग्नाला आडकाठी होती, ती १९९९ मध्ये काढून टाकली आहे. लपवून लग्न करण्यापेक्षा बोलणीच्या वेळीच मुलाकडच्यांना माझ्याकडे आणा, मी स्वतः समजावून सांगतो. आजवर अशा सात बैठका घेतल्या, एकच लग्न मोडलं.

आणि डॉक्टरांनो, लग्नाच्या वयाच्या मुलीला सवयीने व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध लिहू नका. पोटातल्या बाळाच्या पाठीच्या कण्याला आणि बुद्धीला त्याने इजा होते. पण ते चालू असलेल्या मुलीनेही घाबरून स्वतःहून बंद करू नये, बदलून घ्यावं.

बाकीच्या, थोडक्यात

तोंड वाकडं म्हणजे लकवाच, असं नाही. कपाळाला आठ्या घालायला सांगा. अर्ध्या कपाळाला आठीच पडत नसेल, डोळा मिटत नसेल आणि हात-पाय, बोलणं ठीक असेल, तर बहुधा चेहऱ्याच्या नसेची सूज असते. पण हे ठरवायचं काम डॉक्टरचं, घरच्यांनी ठरवून घरी बसू नये. स्टिरॉइड ७२ तासांच्या आत सुरू झालं तर फायदा. उघड्या डोळ्याची काळजी घ्या, थेंब टाका, रात्री पट्टी लावा.

डोकेदुखीवर महिन्यातले पंधरा दिवस मेडिकलमधली गोळी घेणाऱ्याचं डोकं त्या गोळीनेच दुखायला लागतं. कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारा आणि तेच कॅलेंडर घेऊन या.

मुंग्या आणि बधिरपणावर ‘नसांच्या ताकदीची’ इंजेक्शनं. इथे मी नेहमी थांबतो. कातडीवर फिकट चट्टा आहे का, तिथे कापसाचा स्पर्श कळतो का, कोपराच्या आतली नस जाड लागते का, करंगळी वाकायला लागली का, ही कुष्ठरोगाची चिन्हं न पाहता सुई टोचणं गुन्हा आहे. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं तो हाच आमचा पट्टा, आणि कुष्ठरोग इथून गेलेला नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, सहा किंवा बारा महिन्यांचं. बोटं वाकल्यावर मात्र ते औषध बोटं सरळ करत नाही.

सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या लेकराचा हात अचानक गळाला तर तो अशक्तपणा समजू नका. लहान मुलांनाही लकवा होतो आणि या आजारात जास्त होतो.

म्हाताऱ्याचा एकच हात बसल्या जागी थरथरतो, चाल बारीक झाली, अक्षर लहान झालं, तर ‘वय झालं’ म्हणू नका. पार्किन्सनवर गोळी आहे आणि ती घड्याळाच्या काट्यावर घ्यावी लागते.

शेवटचं पावसाळ्यातलं. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, थोड्या वेळाने पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मान धरवत नाही. याला लकवा म्हणून मालिश करू नका, अंगावर चावल्याची खूण नाही म्हणून थांबूही नका. मण्यार साप चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही आणि खूणही दिसत नाही. प्रतिविष आणि कृत्रिम श्वास, दोन्ही लागतात. व्हेंटिलेटरवर असा माणूस डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, बाहुल्याही प्रतिसाद देत नाहीत, म्हणून नातेवाईक तिसऱ्या दिवशी नळी काढून घरी न्यायचं म्हणतात. मी त्यांना आत नेतो आणि सांगतो की हा सगळं ऐकतो आहे. बायकोला त्याच्या कानाशी बसवतो, शेतात काय चाललंय ते सांगायला लावतो. गेल्या पावसाळ्यात असा एक जण सहाव्या दिवशी नळी निघाल्यावर पहिलं बोलला ते हे: “तुरीत पाणी साचलं म्हणत होती ना?”