फुंडकर योजनेतून डोंगरउतारावर झाडं लावायचीत? आधी पाणी अडवा

आमच्या साताऱ्यातल्या माण-खटावकडं बऱ्याच घरांच्या वाट्याला थोडाफार पडीक उतार असतोच, पावसाची एक जोरदार सर आली की तिथली माती सरळ ओढ्यात. अशा रानात राज्य सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून झाडं लावता येतात, 2018-19 पासून चालू आहे, किमान 20 गुंठे लागतात. पण "शंभर टक्के अनुदान" ऐकून हुरळून जाऊ नका. खड्डे खोदणं, रोपं, लागवड, नांग्या भरणं (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं) याचे पैसे सरकार देतं. रान तयार करणं, शेणखत-माती घालून खड्डे भरणं, आंतरमशागत आणि काटेरी कुंपण आपल्या खिशातून, तेवढा पैसा आधीच बाजूला काढा.

मग सातबारा काढून इतर हक्काचा रकाना नीट वाचा. पाटण-जावळीकडं तिथं वनाची नोंद निघू शकते, तसं असेल तर आधी वनविभागात विचारा, मगच कुदळ मारा. सामाईक खातं असेल तर सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं, मुंबईच्या चुलत्यांची सही गणपतीला गावी आले की लगेच घ्या, नाहीतर वर्ष जातं. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढून सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय लागवडीचा एक खड्डासुद्धा खणायचा नाही. रोपं सरकारी किंवा मान्यताप्राप्त नर्सरीतूनच, पक्कं बिल घेऊन.

आता खरं काम. मी पहिल्यांदा नुसतेच खड्डे काढून सीताफळ लावलं होतं, पाणी खड्ड्याला वळसा घालून निघून गेलं आणि मार्चपर्यंत निम्मी रोपं वाळली, फार जीवाला लागलं ते. म्हणून सांगतो, उन्हाळ्यातच सलग समतल चर काढा, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले लांब चर. लाकडाची ए-फ्रेम (पातळी बघायची ए आकाराची चौकट) नाहीतर पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन एकाच पातळीवर चुन्याची फक्की टाकत जायचं, नजरेच्या अंदाजानं अजिबात नाही, कारण चर जरा जरी कलला तर पाणी एका टोकाला जाऊन बांध फोडतं. दोन फूट रुंद, एक फूट खोल पुरतो, माती खालच्या अंगाला टाकायची आणि झाडं त्याच अंगाला. सुरुवात माथ्यावरून, मग खाली. घळीत चर नको, तिथं दगड रचून बांध घाला. कोरेगावच्या वेळू गावानं 2016 चा पहिला वॉटर कप (पानी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा) जिंकला तो अशाच कामांच्या जोरावर, जमलं तर एकदा जाऊन बघून या.

झाडं मुरमाला सोसतील अशीच घ्या, सीताफळ, आवळा, चिंच, जांभूळ. सीताफळ 5 बाय 5 मीटरवर हेक्टरी 400 बसतात.

पैसे तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असे येतात, पण कोरडवाहू झाडं किमान 80 टक्के जगलेली दिसली पाहिजेत, बागायती असतील तर 90. म्हणून फेब्रुवारीपासून आळ्यात वाळकं गवत जाड अंथरा, शेरडं आत येणार नाहीत एवढं कुंपण घट्ट ठेवा, आणि मेलेल्या रोपाची नांगी पुढच्या पावसाच्या सुरुवातीलाच भरा.