जबड्याच्या ऑपरेशननंतरचं वर्ष कसं काढायचं

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिलीचा वर्ग. मागच्या मे महिन्यात माझ्या जबड्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही कानांखालचे रुंद कोपरे घासून कमी केले आणि हनुवटीचं हाड कापून थोडं पुढं घेतलं, टायटॅनियमच्या पट्टीनं बसवलं. चिरा तोंडाच्या आतून, बाहेर एकही व्रण नाही. पहिल्या पंधरा दिवसांचं सगळं दवाखान्यात छापील कागदावर मिळालं. पुढच्या वर्षाबद्दल मात्र "हळूहळू होईल" एवढंच. ते हळूहळू म्हणजे काय, ते सांगते.

आधी तारीख. सुट्टी आहे म्हणून मी मे धरला आणि पस्तावले. पारा ४२च्या वर, लाईट गेलेली आणि हनुवटीपासून डोक्यापर्यंत आवळलेला पट्टा. आठ दिवसांत घामोळ्यांनी गळा लालभडक. जमत असेल तर हिवाळा बघा. नाहीच जमलं तर पट्टे दोन घ्या, एक अंगावर, एक दोरीवर. आतून जुन्या सुती धोतराची घडी लावा.

आता ओठाचं, कारण माझं निम्मं वर्ष त्यातच गेलं. खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाण देणारी नस जबड्याच्या हाडातून येते आणि हनुवटीच्या बाजूला बाहेर पडते. ऑपरेशनमध्ये ती बाजूला सारावी लागते, ताण बसतो. मग ओठ हलतो, पण आहे की नाही कळत नाही. १५ जूनला शाळा उघडली आणि मी फळ्यासमोर प, फ, ब, भ, म म्हणायला उभी राहिले. ओठ मिटलाय का हे मलाच कळेना. एक पोरगं म्हणालं, "बाई, तुमी फुगा फुगवायलात का?" त्या दिवसापासून रोज रात्री आरशासमोर दहा मिनिटं तीच पाच अक्षरं. पोळ्यापर्यंत बोलणं सरळ झालं.

जाण परत येते का, हे अंदाजावर सोडू नका. दर महिन्याच्या एक तारखेला डोळे मिटून, कापसाची वात ओठाच्या कडेपासून हनुवटीकडं हळूच फिरवा. जिथं लागणं बंद होतं तिथं दुसऱ्या कुणाकडून पेनाचा ठिपका काढून घ्या आणि फोटो ठेवा. माझा बधिर भाग जूनमध्ये तळहाताच्या खळग्याएवढा होता, दिवाळीत रुपयाएवढा, आता उजवीकडं बोराएवढा उरलाय. मध्ये दोन महिने मुंग्या यायच्या, कधी बारीक चटका बसायचा. मी घाबरले होते, पण नस जागी होताना असं होतं. काहींना एखादा तुकडा कायमचाच बधिर राहतो, ही तयारी ऑपरेशनच्या आधीच मनाशी करा. आणि जेवताना मांडीवर रुमाल ठेवा. नणंदेच्या पंगतीत सासूबाई कानात म्हणाल्या, "वरण गळायलंय बघ हनुवटीवरून." मला पत्ताच नव्हता.

खाण्याचं थोडक्यात. सुरुवातीला पेज, ताक, अंबील, मुगाचं पातळ वरण. मग ज्वारीच्या कण्या, शिळी भाकरी दुधात कुस्करून. हाड धरायला साधारण दीड-दोन महिने लागतात, तोवर भाकरीची कडक कड, फुटाणे, शेंगदाणे लांब. डॉक्टरांनी मोकळीक दिली तरी मी हुरडा जानेवारीत खाल्ला आणि ऊस दातानं सोललाच नाही. प्रत्येक खाण्यानंतर चूळ. आणि मिसरी. आमच्याकडं घरोघरी बाया मिसरी लावतात, "दाताला बरी असते" म्हणून आग्रहही करतात. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, मिसरी तर थेट टाक्यांवरच जाते. मी डबीच माळ्यावर टाकली.

तोंड उघडायचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करा, पण मग एक दिवसही चुकवू नका. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जायला हवीत. मी दीड बोटावरून सुरू केलं, तिन्ही बोटं जायला तीन महिने लागले.

चेहऱ्याचा निकाल लवकर लावू नका. मोठी सूज दीड महिन्यात उतरते, पण उरलेली आत बसलेली असते आणि ती जायला सहा महिने, कधी वर्ष लागतं. ती दोन्हीकडं सारखी उतरत नाही, म्हणून मधल्या काळात तोंड वाकडं दिसतं. उलटही होतं. जुलैत माझा जबडा इतका रेखीव दिसत होता की मी हरखून गेले. पेजेवर राहून वजन पाच किलो उतरलं होतं, ते भरल्यावर खरा चेहरा दिसला. दर महिन्याला त्याच भिंतीसमोर, त्याच सकाळच्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा, रोज आरशात चाचपू नका. हाड कमी झालं की वरची कातडी थोडी सैल पडू शकते, वय जास्त असेल तर अधिकच. हनुवटीच्या बाजूला बोटाला पायरीसारखं लागतं, ते बरंचसं गुळगुळीत होत जातं. दुरुस्तीचा विषय मी वर्ष होईपर्यंत काढलाच नाही.

वाट बघायची नाही अशाही गोष्टी आहेत. उतरलेली सूज एका बाजूला परत चढली, ताप आला, तोंडात घाण चव किंवा पू आला, दात पहिल्यासारखे एकमेकांवर बसेनात, तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. माझी सूज सप्टेंबरमध्ये डावीकडं परत चढली. गावातल्या एकानं "दाढ असेल" म्हणून गोळ्या दिल्या, चार दिवस वाया गेले. पट्टीजवळ पू झाला होता. महिनोन्‌महिन्यांनीही असं होऊ शकतं.

डिस्चार्ज कार्ड आणि जबड्याचे आधीचे-नंतरचे एक्स-रे एका पिशवीत ठेवा. पुढं दाताचं काही काम निघालं किंवा एमआरआय करायचा झाला तर पट्टी आहे हे आधी सांगा.

आणि चहा. बधिर ओठाला भाजलेलं कळत नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसतो तेव्हा कळतं. माझे दोन फोड झाले. अजूनही मी कप आधी वरच्या ओठाला लावते.